काळी, पांढरी आणि सपाटीचा जमाखर्च

मराठी साहित्यात डोंगराला जेवढी जागा मिळाली तेवढी सपाटीला मिळाली नाही. सह्याद्रीचे कडे, घाटवाटा, गड-किल्ले, कोकणची लाल माती आणि तिला लागून असलेला समुद्र यांच्याविषयी आपल्याकडे भरभरून लिहिले गेले. वर्धेच्या खोऱ्यातील सपाट काळ्या जमिनीविषयी मात्र जे लिहिले गेले ते मुख्यत्वे जमाबंदीच्या अहवालांत, कापसाच्या बाजारभावांत आणि अलीकडच्या काळात शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत. वर्ध्यात १९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०२३ साली नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला आपण सेवाग्राम दाखवतो, पवनार दाखवतो. या दोन ठिकाणांच्या मधली जमीन कोणी दाखवत नाही, कारण तिच्यात पाहण्यासारखे काही आहे असे आपल्यालाच वाटत नाही.

आम्ही दोघेही याच जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आलेली मुले एक प्रश्न हमखास विचारतात: इथे राहून काय करायचे? प्रश्न व्यवहाराचा असतो. नोकरी, पगार, लग्न यांच्याशी बांधलेला असतो. पण त्याच्या पोटात एक जुना ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे. सपाट, उघड्या, मध्यवर्ती मुलखात राहणे हे माणसाच्या लाभाचे असते की तोट्याचे? या प्रश्नाचे उत्तर भावनेने देता येते. जन्मभूमीचे गोडवे गाऊन मोकळे होता येते, किंवा उन्हाच्या नावाने बोटे मोडून पुण्याचे तिकीट काढता येते. प्रस्तुत लेखात आम्ही ते दोन्ही टाळून या भूमीचा जमाखर्च मांडून पाहणार आहोत.

आधी जमीन. सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरचा हा जिल्हा नकाशावर पाहिला तर पश्चिमेला आणि दक्षिणेला वर्धा नदीने त्याला कवेत घेतलेले दिसते. नदीपलीकडे अमरावती आणि यवतमाळ. उत्तरेकडे आष्टी, कारंजा आणि आर्वी या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या उतरत येतात. बोरचे जंगल त्याच पट्ट्यात आहे. तेव्हा सबंध जिल्हा सपाट आहे असे म्हणणे काटेकोर होणार नाही. परंतु देवळी, वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर या भागांत आले की जमीन अंग टाकून पसरते. धाम, बोर, यशोदा, वेणा या नद्या तिच्यातून कोणतीही घाई न करता वर्धेकडे जातात. खाली काळा पाषाण, वर त्याच्याच झिजेतून झालेली काळी माती. जुन्या जमाबंदीने या मातीच्या प्रती लावल्या होत्या: काळी, मोरंड, खरडी, बरडी. हे शब्द आजही म्हाताऱ्या कास्तकाराच्या तोंडी आहेत. मुलगी द्यायची तर घर कसे आहे याच्या आधी जमीन मोरंड आहे की बरड, हे विचारण्याची रीत फार जुनी नाही.

या मातीचा पहिला लाभ असा की ती पाणी धरून ठेवते. वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. पण खोल काळी जमीन तो पोटात साठवते आणि विहिरीवाचून गहू, जवस, हरभरा पिकवते. डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याला आधी जमीन तयार करावी लागते. ताली घालाव्या लागतात, दगड वेचावे लागतात. इथे वखर सरळ रेषेत चालतो आणि तास मोडत नाही. म्हणून एका बैलजोडीवर जास्त जमीन होते, आणि म्हणूनच इथली धारणाक्षेत्रे पश्चिम महाराष्ट्राच्या तुलनेत मोठी राहिली.

पण हीच माती राहायला नालायक आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिच्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या भिंतीला चार-दोन वर्षांत तडा जातो. म्हणून आपल्या पूर्वजांनी एक साधी पण शहाणी विभागणी केली. पिकवायची ती काळी आणि राहायचे ती पांढरी. गावठाणासाठी त्यांनी चुनखडीची, चढाची, निचऱ्याची जागा शोधली. तीही मिळाली नाही तर पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंतींवर नव्या भिंती उभारून गावाने आपली उंची आपणच वाढवली. या दोन रंगांच्या मध्ये असते ती पांदण. गावातून शेताकडे जाणारी ही वाट म्हणजे सपाटीच्या नफ्या-तोट्याचा सारांश आहे. आठ महिने तिच्यावरून बंडी विनासायास जाते. उरलेले चार महिने तीच बंडी आसापर्यंत फसते. डोंगरातला रस्ता अवघड असतो, पण बाराही महिने तो सारख्याच प्रमाणात अवघड असतो. सपाटीचा रस्ता सोपा असतो आणि नेमका गरजेच्या दिवसांत नाहीसा होतो.

सपाटीचा दुसरा गुण तिचा उघडेपणा. या मुलखात काहीही अडत नाही. ना व्यापारी अडतो, ना सैन्य, ना विचार, ना लुटारू. पवनारला इतिहासाचे अनेक थर आहेत. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. या मताला पुढे प्रतिपक्षही निर्माण झाला. तो वाद इथे सोडवण्याचे कारण नाही. धामेच्या काठच्या या उघड्या गावी एकेकाळी राजसत्तेचे वैभव होते, आणि त्याच्या रक्षणाला एकही नैसर्गिक कडा नव्हता, एवढेच लक्षात घेतले तरी पुरे. देवगिरीला निसर्गाने जे दिले ते पवनारला दिले नाही.

याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. नागपूरकर भोसल्यांची सत्ता खिळखिळी झाली होती आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्या नर्मदेकडून उतरून या मुलखात धाडी घालीत होत्या. घोडदळाला सपाटीसारखे दुसरे सुख नाही. १८१७-१८ मध्ये इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा बीमोड करेपर्यंत इथल्या गावाला एकच आसरा होता: गढी. मातीचे जाडजूड बुरूज असलेली, गावाच्या मधोमध उभी असलेली ही वास्तू आज अनेक गावांत ढासळलेल्या ढिगाच्या रूपाने उरली आहे. तिच्या आडोशाला पोरे क्रिकेट खेळतात. डोंगराळ मुलखात राजाने किल्ला बांधला. सपाटीवर गावाला स्वतःचा किल्ला स्वतःच्या मातीतून उभारावा लागला. ज्यांना तो जमला नाही त्यांच्या खुणा महसुली दप्तरात सापडतात. आपल्या भागात ‘रीठ’ म्हणून ओळखली जाणारी गावे या दप्तरात नावाने आहेत, त्यांची शिवारे आहेत, सातबारे आहेत. माणूस मात्र एकही नाही. सगळीच रीठे लुटारूंमुळे ओस पडली असे नव्हे. पाणी आटले, पटकी आली, दुष्काळ पडला, अशी अनेक कारणे होती. पण सपाटीवर गाव सोडणे सोपे असते, ही गोष्ट या प्रत्येक कारणाला लागू पडते. बैल जुंपले की दुसऱ्या दिवशी माणूस दुसऱ्या शिवारात.

याच सुमारास या भूमीवर एक रेघ ओढली गेली. १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडून द्यावा लागला. तो निजामाकडे गेला. पूर्वेचा काठ भोसल्यांकडे राहिला. पूर्वी या नदीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी होत्या, बाजार होते. आता ती राज्याची सीमा झाली. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. अशा रीतीने दोन्ही काठांवर इंग्रजच आले, परंतु वेगवेगळ्या वाटांनी आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, १८६२ मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्यात हलवले गेले आणि तिथे वर्धा शहर वसले. कागदावर आखून वसवलेले शहर सपाटीवरच शोभते. आमच्या शहराचे सरळ रस्ते ही त्या आखणीचीच देणगी आहे.

हा तपशील आम्ही मुद्दाम देत आहोत, कारण सपाटीचा लाभ कोणाच्या पदरात पडला हे ठरवण्यात मातीपेक्षा या रेघेचा वाटा मोठा आहे. नदीच्या दोन्ही काठांना एकच काळी माती, एकच पाऊस आणि एकच पऱ्हाटी. पण पश्चिमेच्या वऱ्हाडात रयतवारी बसली. शेतकरी थेट सरकारचा खातेदार झाला. पूर्वेच्या वर्ध्यात मालगुजारी आली. पूर्वी जो पाटील किंवा मक्तेदार सारा गोळा करीत असे त्याला १८६० च्या दशकातील जमाबंदीने गावाचा मालक करून टाकले. गावाचे पडीक, झुडपी जंगल, तळे हे सारे त्याच्या मालकीचे झाले. कुळांना जळण, चराई यांचे निस्ताराचे हक्क राहिले, पण ते हक्क मागून घ्यायचे होते. गढी जी एकेकाळी सर्वांचा आसरा होती ती मालकाचा वाडा झाली. ही व्यवस्था १९५० च्या कायद्याने, १९५१ च्या मार्चअखेर संपली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. एकाच जागी बसून राहिलेल्या माणसाची राज्ये अशी बदलत गेली, हाही सपाटीच्या राहणीचा एक अनुभव म्हणावा लागेल.

आता कापूस. हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस मध्य हिंदुस्थानातील उत्तम देशी कापसांत गणला जाई. लांब, मऊ धाग्याच्या या वाणाने मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे गावाचे नाव कापसाच्या प्रतीचे नाव करून सोडले. रेल्वेपूर्व काळात या मुलखातला कापूस बैलांच्या पाठीवरून, बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत पाऊस लागला की गाठी भिजत, धूळ बसे, जनावरे मरत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना आणि आपल्याकडील भाव आकाशाला भिडले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे त्याचे नाव. या तेजीत या मुलखातल्या शेतकऱ्याच्या हाती प्रथमच मोठ्या प्रमाणावर रोकड आली. पण गंमत अशी की ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये आणि अमेरिकेतील युद्ध संपले होते १८६५ मध्ये. गाडी आली तेव्हा तेजी उतरून गेली होती. राहिला तो कापूस लावण्याचा नाद, सावकाराचे कर्ज आणि थेट जगाच्या बाजाराशी जुळलेली नाळ.

रेल्वे या मुलखात सहज आली, कारण तिला अडवायला काही नव्हते. बोरघाट आणि थळघाट फोडताना हजारो मजूर मेले. आपल्याकडे नद्यांवरचे पूल सोडले तर रूळ जमिनीवर आखल्यासारखे गेले. पुढे वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीपर्यंत फाटा निघाला आणि त्याच दिशेने दक्षिणेची वाट मोकळी झाली. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन महामार्ग वर्ध्याच्या परिसरात एकमेकांना भेटले. हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडगिरण्या निघाल्या, गावोगावी जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. पण याच काळात ‘बनी’ नाहीसा होत गेला. ‘जरी’ नावाचा आखूड धाग्याचा, भरड पण भरघोस येणारा कापूस त्याच्या जागी आला. व्यापारी चांगल्या धाग्याला पुरेसा जास्त भाव देईना, मग शेतकऱ्याने वजन देणारे वाण निवडले. यात शेतकऱ्याचा लोभ शोधणारे अहवाल आहेत. आम्हाला त्यात बाजाराचा साधा हिशेब दिसतो. ज्या गावच्या नावाने कापूस ओळखला गेला त्या गावातून तो कापूस गेला, नाव तेवढे राहिले.

बाजाराशी जुळलेल्या नाळेची परीक्षा १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत झाली. १८९१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख होती, १९०१ मध्ये ती ३ लाख ८५ हजारांवर आली. रेल्वेमुळे बाहेरचे धान्य इथे येऊ शकले, हे मान्य केले पाहिजे. पण आलेले धान्य विकत घ्यायला मजुराजवळ पैसा नव्हता. सपाटीवर धान्य पोचणे आणि माणसाच्या ताटात पोचणे यांत केवढे अंतर असते ते या दशकाने दाखवले.

योगायोगाची एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. वर्धा जिल्हा निर्माण झाला त्याच १८६२ साली अमेरिकेत होमस्टेड कायदा झाला आणि तिकडच्या मधल्या विस्तीर्ण माळरानावर, कॅन्सस-नेब्रास्का या भागांत, कुटुंबामागे १६० एकर जमीन वाटली जाऊ लागली. तिथेही आधी रेल्वे गेली, मग एका पिकाचा ध्यास आला, गवताळ जमीन उभी-आडवी नांगरली गेली आणि १९३० च्या दशकात तीच माती धुळीची वादळे होऊन उडाली. आज तिथली अनेक छोटी गावे रिकामी होत आहेत. त्या मुलखाशी आपले साम्य सांगून थांबणे मात्र फसवे होईल. तिथल्या शेतकऱ्याला तुटून पडल्यावर मोकळ्या पश्चिमेकडे सरकता आले आणि राजधानीत त्याचा आवाज ऐकला गेला. शिवाय ती जमीन मुळात रिकामी नव्हती. तिथल्या मूळ लोकांकडून ती हिरावून घेतलेली होती. आपल्या जुन्या गोंड वस्त्यांना काठाकडे, टेकड्यांकडे कोण आणि कसे सरकवत गेले, हा प्रश्न आपण आपल्याला अजून पुरेसा विचारलेला नाही.

सपाटीच्या जमेच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम पडली ती विसाव्या शतकात. जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने १९२१ च्या एप्रिलमध्ये विनोबा वर्ध्याला आले. स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचे नाही असे ठरवून बाहेर पडलेले गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यात राहायला आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात गेले. देशाच्या मध्यभागी, चारी दिशांच्या गाड्या येतात असे ठिकाण आणि तरीही खेडे, ही जोडणी त्यांना इथे मिळाली. ज्या रेल्वेने आमचा कापूस नेला त्याच रेल्वेने आमच्याकडे देश आणून सोडला. अखिल भारत ग्रामोद्योग संघ मगनवाडीत उभा राहिला, जे. सी. कुमारप्पा तिथे बसून खेड्याचे अर्थशास्त्र मांडू लागले. १९३७ च्या ऑक्टोबरात नई तालीमची मांडणी वर्ध्यात झाली. १९४० च्या १७ ऑक्टोबरला विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ‘छोडो भारत’चा ठराव वर्ध्यात केला आणि १६ ऑगस्टला आष्टीत त्याचा स्फोट झाला.

पण याच शेगावने गांधीजींनाही सपाटीचा खर्च दाखवला. गावाला धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखलातून चालत जावे लागे. साप-विंचू होतेच. १९३६ च्या पावसाळ्यात त्यांना हिवतापाने गाठले आणि वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात ठेवावे लागले. मे महिन्यातील ऊन अंगावर घेत ते मातीच्या, बांबूच्या, कौलारू घरात राहिले. आदिनिवास आणि बापूकुटी यांकडे आपण साधेपणाचे प्रतीक म्हणून पाहतो. आम्हाला त्या सपाटीवर कसे राहावे याचे धडेही वाटतात: जाड मातीच्या भिंती, पुढे आलेली वळचण, वाऱ्याला मोकळी वाट आणि जवळपास मिळेल तेच सामान. आज त्याच परिसरात सिमेंटचे धाबे पडले आहेत, ते नवतपात भट्टीसारखे तापतात आणि प्रत्येक खिडकीत कूलर घरघरतो. पुढे टपालाचा घोटाळा होऊ लागला, कारण बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव होते. म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. सपाटीवरच्या गावांची नावेही एकमेकांत मिसळतात, त्यांना वेगळे करायला मध्ये डोंगर नसतो.

मध्यवर्तीपणाचा हाच गुण पुलगावलाही भोवला. सरहद्दीपासून दूर, रेल्वेलगत आणि विस्तीर्ण मोकळी जागा, म्हणून तिथे लष्कराचा देशातील सर्वांत मोठा दारूगोळा भांडार झाला. त्याने रोजगार दिला. ३१ मे २०१६ च्या रात्रीच्या आगीने आणि २० नोव्हेंबर २०१८ च्या स्फोटाने माणसेही नेली. अहिंसेचे राष्ट्रीय केंद्र आणि दारूगोळ्याचे राष्ट्रीय कोठार एकाच जिल्ह्यात असावे, याला नियतीचा खेळ म्हणण्याची प्रथा आहे. दोघांनाही इथे आणणारी कारणे मात्र बरीचशी तीच आहेत.

स्वातंत्र्यानंतरचा हिशेब वाचकांच्या परिचयाचा आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. बोर, धाम, निम्न वर्धा अशी धरणे झाली, पण जिल्ह्याचा मोठा भाग कोरडवाहूच राहिला. सपाट मुलखात धरणाला जागा मिळणे अवघड आणि मिळाली तर बुडणारी जमीन उत्तम काळी. पुलगावची गिरणी बंद पडून काळ लोटला. आर्वीची छोटी गाडी थांबली. १९८० नंतर सोयाबीन आले, ज्वारी गेली आणि ज्वारीबरोबर कडबा गेला; कडब्याबरोबर आर्वीची ती चपळ, पांढरी गवळाऊ जनावरेही विरळ झाली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीवरील खर्च काही काळ कमी झाला, बियाण्याचा आणि खताचा वाढला. पाऊस मात्र पूर्वीसारखाच लहरी राहिला. ‘बनी’च्या जागी ‘जरी’ येताना जे झाले त्याचीच ही नवी आवृत्ती होती: वाण बदलले, भाव ठरवणारा बदलला नाही. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी मिळाली, त्यावरच्याला एकरकमी फेडीवर सवलत. ओलिताच्या चार एकरांवर सुखाने जगणारा शेतकरी लहान ठरला आणि कोरडवाहू आठ एकरांत बुडालेला मोठा ठरला. एका बैलजोडीवर जास्त जमीन होते, हा जो सपाटीचा लाभ आम्ही आरंभी सांगितला, तो सरकारी व्याख्येत असा तोटा झाला.

मग या मुलखात राहण्यात लाभ काही आहे की नाही? आहे, आणि तो किरकोळ नाही. शिक्षण इथे सायकलवरून होऊ शकते. आमचे कित्येक विद्यार्थी दहा-बारा किलोमीटरवरून पायडल मारत येतात, ते डोंगरातल्या मुलाला शक्य नाही. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले, १९४५ मध्ये सुशीला नायर यांच्या पुढाकाराने कस्तुरबा रुग्णालय झाले, १९६९ मध्ये त्याचे वैद्यकीय महाविद्यालय झाले. आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्ण तिथे पोचू शकतो याचे अर्धे श्रेय डॉक्टरांना आणि अर्धे सरळ रस्त्यांना आहे. भाषेचे म्हणावे तर इथल्या बोलीत मराठी, हिंदी, गोंडी आणि दक्षिणेकडून आलेली तेलुगू यांचे येणे-जाणे आहे. १९३६ ची राष्ट्रभाषा प्रचार समिती आणि १९९७ चे हिंदी विश्वविद्यालय इथे परके वाटत नाहीत. परक्याला ‘तू कोणाचा’ असे विचारण्याआधी ‘चहा घेता का’ असे विचारण्याची रीत उघड्या मुलखातच तयार होते. आणि वायगावच्या हळदीसारखी काही पिके अजूनही गावाचे नाव धरून आहेत. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण २००१ मध्ये १२ लाख ३६ हजार असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १३ लाखांवर गेली. वाढ अवघी पाच टक्के, राज्याची सोळा टक्के. यात लहान कुटुंबांचा वाटा आहे, तसा बाहेर जाणाऱ्यांचाही आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि मुंबईपर्यंतचा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो सेलू, वर्धा, आर्वी या तालुक्यांच्या शेतांतून जातो. त्याच्या कुंपणालगतच्या कास्तकाराला पलीकडच्या धुऱ्यावर जायला वळसा पडतो, आणि त्याचा मुलगा मात्र एका रात्रीत मुंबईला पोचतो.

आमचा निष्कर्ष असा आहे. सपाट मुलूख आपल्या अंगचे फक्त दोनच गुण घेऊन येतो: तो पिकतो आणि तो अडवत नाही. पहिल्या गुणाचे उत्पन्न कोणाच्या घरात जाणार हे साऱ्याच्या पद्धतीने, भावाने आणि कर्जाच्या व्याख्येने ठरत आले. दुसऱ्या गुणामुळे पेंढारीही आले आणि गांधीजीही. कापूसही गेला आणि आता मुलेही जात आहेत. डोंगर राहणाऱ्यासाठी थोडेफार काम स्वतः करतो. तो लुटारूला अडवतो, पाणी साठवतो, बाजाराला लांब ठेवतो. सपाटीवर हे सारे माणसालाच करावे लागते. जेव्हा ते केले गेले, गढी बांधून, पांढरी निवडून, मगनवाडी उभारून, तेव्हा हा मुलूख राहण्याजोगा झाला. जेव्हा आपण केवळ रस्ता होऊन राहिलो तेव्हा आपल्या वाट्याला धूळ आली.

म्हणून ‘इथे राहून काय करायचे’ या प्रश्नाला आम्ही आता विद्यार्थ्यांना उलटा प्रश्न विचारतो: तुझ्या गावच्या पांदणीला खडी कधी पडली, गावाची गढी कोणाच्या नावावर आहे, शेजारचे रीठ कधी ओस पडले? बहुतेकांना यातले एकही ठाऊक नसते. ते विचारायला घरी जातात. काही जण पुढच्या आठवड्यात आजोबांनी सांगितलेली नावे वहीत लिहून आणतात, आणि त्या यादीत ज्या गावांत आज कोणी राहत नाही अशा गावांची नावे राहत्या गावांपेक्षा पुष्कळदा अधिक असतात.